झाकणावरचं टिंब

मागच्या अंकात जुन्या बंगाली सिनेमाच्या रिळांबद्दल लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली, त्यांतली पाच इथे घेते आहे. नव्या वाचकांसाठी थोडी ओळख. माझा जन्म आणि शाळा कोलकात्यातली. बाबा विमा कंपनीत होते, आम्ही भवानीपूरला राहायचो आणि हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात गणपतीला नाटकं बसवायचो. लग्न होऊन मुंबईत आले आणि पुढे सत्तावीस वर्षं एका फिल्म लॅबमध्ये निगेटिव्ह कटिंगच्या, म्हणजे मूळ निगेटिव्ह कापून जोडायच्या, खात्यात नोकरी केली. उत्तरं देते ती या दोन शिदोऱ्यांवर.

प्रश्न : माझे आजोबा बंगाल-नागपूर रेल्वेत होते आणि खरगपूरच्या रेल्वे वसाहतीत सिनेमाचं यंत्र चालवायचे. नागपूरचं घर रिकामं करताना माळ्यावर पत्र्याचे तीन डबे सापडले. झाकणांवर बंगालीत काहीतरी लिहिलंय, पण गंज चढलाय. एकावर फक्त आठाचा आकडा वाचता येतो. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा भपकारा आला. भाऊ म्हणतो भंगारात द्या. ताई, काय करू? – एक वाचक, नागपूर

भंगारात देऊ नका. भावाला आठ दिवस थांबायला सांगा.

आधी भीती काढते. व्हिनेगरचा वास आला ही एका अर्थी चांगली खूण आहे. साधारण १९५१ पर्यंत ३५ मिलिमीटरची फिल्म नायट्रेटवर बनायची आणि ती भयंकर पेट घेते. जळताना स्वतःच ऑक्सिजन सोडते, त्यामुळे पाण्यातसुद्धा जळत राहते. व्हिनेगरचा वास मात्र अॅसिटेट फिल्मचा. ती तशी पेटत नाही, ती आंबते. उष्णता आणि दमटपणा मिळाला की फिल्मचा पाया सुटायला लागतो, त्यातून अॅसेटिक अॅसिड बाहेर पडतं आणि तेच अॅसिड पुढची सडण वेगाने वाढवतं. कोलकात्याचा पावसाळा आणि नागपूरचा मे महिना, दोन्ही तिने सोसलेत. म्हणून बाकीच्या दोन डब्यांना वास नसेल तर त्यांना लगेच वेगळ्या खोलीत हलवा, नाहीतर या डब्याची वाफ त्यांनाही लागेल. वास वेगळा असेल, उग्र आणि कुबट, फिल्म चिकट झाली असेल किंवा तपकिरी भुकटी पडत असेल, तर हात लावू नका. विस्तवापासून, दिव्यापासून दूर ठेवा आणि जाणकाराला बोलवा.

झाकण घट्ट लावू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका. फ्रिजमध्येही नको, आत पाणी धरतं. सावलीत, कोरड्या, वारा खेळत्या जागी डबे आडवे ठेवा. प्रोजेक्टरवर चढवायचा मोह होईल, पण सुकून आकसलेल्या फिल्मची भोकं यंत्राच्या दात्यांवर बसत नाहीत आणि एका मिनिटात नव्वद फूट फाटत जाते. सुती हातमोजे घालून फक्त पहिले तीन-चार फूट सोडवा आणि उजेडासमोर कडा बघा. तिथे रोमन लिपीत ‘सेफ्टी’ असं छापलेलं दिसलं तर माझं म्हणणं पक्कं झालं.

आता झाकण. गंज घासू नका. तिरप्या उजेडात, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून, फोटो काढा. बंगालीत ‘ब’ आणि ‘र’ यांच्या आकृतीत फक्त खालच्या एका टिंबाचा फरक आहे. टिंब गंजात गेलं की ‘रात’ची ‘बात’ होते आणि भलत्याच सिनेमाचा शोध सुरू होतो. आणि तुमचा तो आठ. बंगाली चाराचा आकडा हुबेहूब इंग्रजी आठासारखा दिसतो. आमच्या रजिस्टरमध्ये मुंबईच्या कारकुनाने अशी कितीतरी चौथी रिळं आठवी म्हणून चढवली होती आणि चौथं रीळ हरवलं म्हणून ओरड व्हायची. तुमच्या हातात बहुधा चौथं रीळ आहे.

फोटो आणि आजोबांबद्दल जे माहीत असेल ते एका कागदावर लिहून पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. लॉ कॉलेज रस्त्यावर आहे, १९६४ साली सुरू झालं आणि आता एनएफडीसीच्या, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या, छत्राखाली आलंय. मुंबईत फिल्म हेरिटेज फाउंडेशनसुद्धा आहे, २०१४ पासून. दोघांनाही लिहा. डबे देताना पोच घ्या.

मी इतकं ठासून का सांगते, तेही सांगते. आमची लॅब बंद व्हायच्या आदल्या वर्षी गोदाम रिकामं करायचं ठरलं. ज्या डब्यांचे मालक सापडत नव्हते, ज्यांची पत्रं ‘पत्त्यावर नाही’ म्हणून परत आली होती, त्यांची यादी करायचं काम माझ्याकडे होतं. एके दिवशी अकरा डब्यांसमोर मी ‘निकाली’ लिहिलं. त्यांतल्या दोन डब्यांवर बंगाली अक्षरं होती. त्या इमारतीत ती वाचू शकणारी मी एकटी होते. खाली टेम्पो उभा होता, हमाल ओरडत होते आणि मी नावं उतरवून घेतली नाहीत. दोन ओळी लिहायला अर्धं मिनिट लागलं असतं. त्या डब्यांत काय होतं हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

प्रश्न : बंगाली माणसाचं सिनेमावरचं प्रेम आपण ऐकून आहोत. मग त्यांचा इतका सिनेमा नाहीसा कसा झाला? – एक वाचक, सांगली

प्रेम नव्हतं म्हणून गेला नाही. आग, हवा, फाळणी आणि चांदी, या चौघांनी नेला.

आगीपासून सुरू करते, कारण बंगाली सिनेमाचा पहिला अध्यायच आगीत गेलाय. हीरालाल सेन यांनी १८९८ मध्ये रॉयल बायोस्कोप कंपनी काढली आणि कोलकात्याच्या क्लासिक थिएटरमधल्या नाटकांचे प्रवेश कॅमेऱ्यात घेतले. १९१७ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्या फिल्मच्या साठ्याला आग लागली, सगळं जळलं, आणि त्याच महिन्यात ते वारले. त्यांच्या कामाची एक फूट फिल्मसुद्धा आज बघायला मिळत नाही. पुढे १९३१ मध्ये बी. एन. सरकारांनी टॉलीगंजला न्यू थिएटर्स ही सिनेमा कंपनी उभी केली, तिथे १९४० मध्ये आग लागली आणि निगेटिव्ह गेल्या.

चांदीबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. कृष्णधवल फिल्मवरचं चित्र चांदीच्या कणांनी बनलेलं असतं. सिनेमाचा धंदा संपला की प्रिंट वजनावर विकली जायची, धुऊन चांदी काढायची. निर्मात्याला त्यात वावगं वाटत नसे, कारण एकदा चालून गेलेला सिनेमा पुन्हा कोण बघणार, असाच हिशेब होता. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट झाले आणि आज तीसेक उरलेत, त्यातले कितीतरी तुकड्यांत.

फाळणीने मात्र एक विचित्र उपकारही केला. ‘देवदास’ म्हटलं की आपल्याला सैगल आठवतात. पण प्रमथेश बरुआंनी १९३५ मध्ये तो आधी बंगालीत केला आणि त्यात देवदासचं काम स्वतः केलं. सैगल त्यात छोट्या भूमिकेत आहेत, बंगालीत गातात. हिंदी देवदास देशभर फिरला, आणि बंगाली देवदासची प्रत भारतात उरलीच नाही. सापडली ती ढाक्याला, बांगलादेशच्या फिल्म आर्काइव्हमध्ये, तीही बरीच खराब झालेली. सरहद्दीच्या पलीकडे राहिली म्हणून वाचली. लहानपणी आमच्या मजल्यावरचे एक वृद्ध शेजारी बरुआंच्या देवदासची खोकल्याची नक्कल करून दाखवायचे. कित्येक वर्षं माझ्यापुरता बंगाली देवदास तेवढाच होता.

‘बिल्वमंगल’ तर पॅरिसला सापडला. मदन थिएटर्सचा १९१९ चा मूकपट, बंगालीतला पहिला पूर्ण लांबीचा. तिथल्या सिनेमातेक फ्रांसेज या चित्रपट संग्रहालयाकडे त्याचा तुकडा होता आणि २०१६ मध्ये त्याची प्रत पुण्याला आली. ५९४ मीटर, अठ्ठावीस मिनिटं. मूळ सिनेमा बारा हजार फुटांच्या आसपास होता, म्हणजे सहावा हिस्सा हाती लागला. पुण्याने बदल्यात कालीपद दास यांच्या १९३१ च्या ‘जमाईबाबू’ या मूकपटाची प्रत दिली. मला हा व्यवहार फार आवडतो. कुणी काही गमावलं नाही. दोन शहरांत दोन-दोन सिनेमे झाले.

आणि हे सगळं बंगालवर ढकलून आपण मोकळे होऊ नये. ८ जानेवारी २००३ ला पुण्यातच, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात, नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली. त्यात शेकडो जुन्या सिनेमांची रिळं गेली. पी. के. नायर यांनी संग्रहालयासाठी उभं आयुष्य घालून दारोदार हिंडून जमवलेलं धन होतं ते. त्या दिवशी मी लॅबमध्ये होते. बातमी आली तेव्हा आमच्या खात्यात कुणी बोललं नाही. चित्राची आणि आवाजाची फिल्म जुळवायच्या सिंक्रोनायझरचं हँडल फिरवायचं थांबलं, एवढंच.

प्रश्न : मी जपानी रोल-प्लेइंग गेम खेळते. इंग्रजीत आलेल्या गेममधलं डबिंग काढून त्यात मूळ जपानी आवाज परत बसवायचे पॅच, म्हणजे गेममध्ये बदल करणाऱ्या छोट्या फाइल, चाहते बनवतात, त्याला ‘अनडब’ म्हणतात. मी ते वापरते. आई म्हणते ही चोरी आहे. मित्र म्हणतो, खेळण्याला ‘जतन’ म्हणणं म्हणजे जुन्या सिनेमाचा अपमान आहे. तुम्ही फिल्मचं काम केलंय म्हणून विचारते. – वय २२, डोंबिवली

मित्राचं म्हणणं आधी घेते, कारण ते मला अजिबात पटत नाही.

माझा भाचा कोथरूडला राहतो, तुझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. गेल्या दिवाळीत त्याच्याकडे होते तेव्हा त्याने मला ‘टेल्स ऑफ द अॅबिस’ दाखवला. प्लेस्टेशन-२ वरचा, जपानमध्ये २००५ ला आला, इंग्रजीत २००६ ला. त्यात प्रवासाच्या अधेमधे पात्रांच्या छोट्या गप्पा येतात, त्यांना स्किट म्हणतात. पडद्यावर चेहऱ्यांच्या चौकटी आणि खाली संवाद. आधी त्याने इंग्रजी आवृत्ती लावली. चौकटी हलल्या, अक्षरं आली, गेली. आवाज नाही. मला वाटलं स्पीकर बंद आहे. मग तोच प्रसंग अनडब करून लावला आणि खोली माणसांनी भरली. जपानी आवृत्तीत या गप्पा पूर्ण बोललेल्या आहेत. इंग्रजीत डबिंगच केलं नाही, नुसते मूक ठेवले.

ल्यूक नावाचा नायक सुरुवातीला श्रीमंत घरचा, लाडावलेला, प्रत्येक वाक्य कंटाळल्यासारखं ओढत बोलणारा. मग त्याच्या हातून एक मोठा अनर्थ होतो, तो स्वतःचे लांब केस कापून टाकतो, आणि तिथून चिहिरो सुझुकींचा आवाज बदलत जातो. मला जपानीचा एक शब्द कळत नाही, पण वाक्याच्या शेवटी श्वास कुठे तुटतो ते कळतं, साउंडट्रॅकची पट्टी बघण्यात डोळे घालवलेत मी. हा बदल एकदम होत नाही. बऱ्याचदा तो अशा फालतू गप्पांतच आधी ऐकू येतो. इंग्रजी खेळणाऱ्याच्या हातून तो अर्धा निसटला. कुणी दुष्टपणा केला नाही. डिस्कवर जागा मर्यादित, डबिंगला पैसा लागतो, आणि जपानी कलाकारांचे आवाज परदेशात वापरायचे तर त्यांच्या एजन्सींशी वेगळे करार करावे लागतात. ‘टेल्स ऑफ लेजेंडिया’मध्ये तर उत्तरार्धाला इंग्रजीत आवाजच नाही, जपानीत आहे.

आता सांग, यात आणि बंगाली देवदासमध्ये फरक कोणता? न्यू थिएटर्स एकाच सेटवर, एकाच कथेचा सिनेमा दोनदा करायची, बंगालीत आणि हिंदीत, नट बदलून. बंगालीत बरुआ, हिंदीत सैगल. बंगालीत चंद्रावती देवींची चंद्रमुखी, हिंदीत राजकुमारींची. आपल्या प्रभातनेही एकच सिनेमा दोन भाषांत केला, ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’, ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’. ज्या भाषेचा बाजार मोठा ती आवृत्ती गावोगाव पोचली, दुसरी एखाद्या गोदामात उरली तर उरली. ‘कथा तर तीच आहे ना’ असं म्हणून कुणी मला ‘दुनिया न माने’ दाखवून ‘कुंकू’ विसरायला सांगितलं तर मी ऐकणार नाही. तू तरी का ऐकावंस? खेळणं म्हणून हिणवलं गेलेलं सगळ्यात आधी कचऱ्यात जातं. सिनेमालाही पहिली पन्नास वर्षं लोक खेळणंच म्हणत होते.

भाच्याने मला हे काम कसं करतात तेही दाखवलं, आणि तिथे मला माझं टेबल आठवलं. डिस्कवर हजारो छोट्या आवाजाच्या फाइल असतात, एकेक वाक्य, एकेक आरोळी. जपानी डिस्कवरची फाइल काढायची आणि इंग्रजी डिस्कवरच्या तिच्या जोडीदाराच्या जागी ठेवायची. ऐकायला सोपं. पण इंग्रजीत एखादं वाक्य वाढवलेलं असतं, एखादं गाळलेलं, त्यामुळे क्रमांक सरकतात आणि नायिकेच्या तोंडी खलनायक बोलतो. जपानी वाक्य लांब असेल तर फाइल आपल्या जागेत मावत नाही, मग कुठली फाइल डिस्कवर कुठे सुरू होते त्याची अख्खी सारणी पुन्हा लिहावी लागते. चित्रफिती आणखी अवघड. इंग्रजी बोलणाऱ्यासाठी केलेल्या, म्हणून कधी कधी त्यांना सबटायटलच नसतात. आवाज जपानी केला की अर्थ जातो, मग चाहते वेळ जुळवून सबटायटल घालतात. आम्ही ३५ मिलिमीटरच्या प्रिंटवर आवाज चित्राच्या वीस-एकवीस फ्रेम पुढे ठेवायचो, कारण यंत्रात आवाज वाचायची जागा चित्राच्या फाटकापासून तेवढी दूर असते. एक जोड चुकला की अख्ख्या रिळात ओठ आणि शब्द भांडायचे. बिनपगारी, रात्री जागून, कुणाचं नाव पडद्यावर न येता ही मुलं तेच जुळवत बसतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे.

आता आई. तिचं अर्धं बरोबर आहे आणि ते अर्धं तू मनावर घ्यावंस. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून हक्क मोडायच्या हेतूने डिजिटल कुलूप तोडणं हा गुन्हा आहे. जतनासाठी प्रत करायची मुभा सार्वजनिक, ना-नफा ग्रंथालयांना आहे, तीही मूळ वस्तू त्यांच्याकडे असेल तर. घरी बसून तू ग्रंथालय होत नाहीस. पण सगळे अनडब एका मापाने मोजू नकोस. काही जण नुसता पॅच देतात. त्यात दोन आवृत्त्यांमधला फरक तेवढा असतो, गेम नसतो, मूळ डिस्क तुझ्याकडे असावी लागते. काही जण आख्खा गेम जोडून वाटतात. आख्खा गेम वाटणाऱ्यांना मी जतन करणारे म्हणणार नाही. तू कपाटात मूळ डिस्क ठेवलेली असशील, आणि जमलं तर जपानी डिस्कही घेतली असशील, तर आईला त्या दाखव. वाद निम्मा मिटेल.

हेही लक्षात ठेव की कंपन्यांना हे कळत नाही असं नाही. ‘साकुरा वॉर्स’चा पाचवा भाग २०१० मध्ये इंग्रजीत आला तेव्हा प्लेस्टेशन-२ च्या खोक्यात दोन डिस्क होत्या, एक इंग्रजी आवाजाची, एक जपानी. ‘फायनल फँटसी १३’ चे जपानी आवाज २०१० च्या इंग्रजी आवृत्तीत नव्हते, २०१४ च्या पीसी आवृत्तीत आले. २०१७ मध्ये ‘पर्सोना ५’ आणि ‘झेनोब्लेड क्रॉनिकल्स २’ यांनी जपानी आवाज वेगळे, फुकट डाउनलोडला दिले. चांगलंच केलं. पण डाउनलोड दुकान उघडं असेपर्यंत. निन्टेंडोने थ्री-डीएस आणि वी-यू या आपल्या खेळयंत्रांची ऑनलाइन दुकानं मार्च २०२३ मध्ये बंद केली. डबा निदान माळ्यावर राहतो.

एका बाबतीत मात्र मी तुमच्या मंडळींशी भांडणार आहे. तुमच्यात बोलायची पद्धत अशी की जपानी खरं आणि इंग्रजी म्हणजे डाग, पुसून टाकायचा. असं म्हणू नकोस. ‘फायनल फँटसी १०’, २००१ चा. त्यात पात्रांचे ओठ जपानी संवादांवर हलतात. नायिका युनाचा इंग्रजी आवाज झालेल्या हेडी बरेस यांना त्याच ओठांत इंग्रजी वाक्यं बसवायची होती, म्हणून ती थांबत, अडखळत बोलते, आणि लोकांनी त्यावरून त्यांना बरंच सुनावलं. मला त्यात एका कलाकाराची कोंडी ऐकू आली. शेवटच्या निरोपाच्या प्रसंगात युना जपानीत ‘आरिगातो’ म्हणते, म्हणजे आभार मानते. इंग्रजीत त्याच ओठांवर ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ आलं. या दोन वाक्यांच्या मधे एक अख्खं भाषांतर उभं आहे. अनडब करताना इंग्रजी फेकून दिलंस तर उद्या कुणाला कळणार नाही की इथे काय बदललं होतं. म्हणून मूळ इंग्रजी डिस्कची प्रत जशीच्या तशी ठेव, पॅच वेगळा ठेव, आणि सोबत एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिही : कुठली डिस्क, कुठल्या देशाची, पॅच कुठल्या तारखेचा, काय चालतं, काय अडकतं. तुझ्या डब्याचं ते झाकण आहे.

प्रश्न : यूट्यूबवर जुनी बंगाली गाणी एआयने रंगीत आणि फोर-के केलेली मिळतात. वडील रोज बघतात. तुम्ही लेखात त्यावर नाराजी दाखवलीत. जुनं नवं करून लोकांपर्यंत नेणं वाईट कसं? – एक वाचक, नाशिक

वडिलांना बघू दे. त्यांच्या आनंदावर माझी काही तक्रार नाही. तक्रार त्यावर ‘रिस्टोअर्ड’ लिहिण्यावर आहे.

रिस्टोअर करणं म्हणजे काय ते अपूच्या तीन सिनेमांत बघा. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’, ‘अपराजितो’ आणि ‘अपुर संसार’ यांच्या मूळ निगेटिव्ह लंडनच्या एका लॅबमध्ये असताना जुलै १९९३ मध्ये तिथे आग लागली. त्या निगेटिव्ह निकामी समजल्या गेल्या होत्या, पण अमेरिकेच्या अॅकॅडमी फिल्म आर्काइव्हने करपलेले, वितळून चिकटलेले अवशेष टाकून न देता जपले. वीस वर्षांनी जुने सिनेमे पुन्हा प्रसिद्ध करणाऱ्या क्रायटेरियन कंपनीने ते इटलीत बोलोन्याच्या लॅबमध्ये नेले. तिथे फिल्मला रसायनांनी पुन्हा ओलावा दिला, गोंद आणि टेप हाताने सोडवले, फाटलेली भोकं हाताने सांधली. जवळजवळ हजार तास फक्त हाताचं काम. त्यातून ‘पथेर पांचाली’चा चाळीस टक्के भाग आणि ‘अपराजितो’चा साठ टक्क्यांहून जास्त भाग मूळ निगेटिव्हमधून परत मिळाला. ‘अपुर संसार’ची निगेटिव्ह वापरण्याजोगी राहिलीच नव्हती, तो दुसऱ्या प्रतींवरून केला. आणि त्यांनी तसं सांगितलं. कुठला भाग कुठून आला हे उघड ठेवलं. २०१५ मध्ये न्यूयॉर्कला तिन्ही पुन्हा पडद्यावर आले.

मी तो ‘पथेर पांचाली’ बघितला तेव्हा दुर्गा आणि अपू ही भावंडं काशाच्या गवतातून धावतात तिथे धुराच्या रेषेतला करडा रंग बघत बसले. करड्याच्या किती छटा असतात ते निगेटिव्ह हाताळणाऱ्याला माहीत असतं. एआय त्या जागी अंदाजाने गुलाबी गाल आणि निळं आभाळ भरतं, चेहऱ्यावरचे फिल्मचे दाणे पुसून त्वचा मेणासारखी करतं. ते त्या चेहऱ्याबद्दल काहीच सांगत नाही, अंदाजाबद्दल सांगतं. तेव्हा ‘रंगवलेलं’ असं लिहा, मूळ गाण्याचा दुवा सोबत द्या, आणि मूळ काढून टाकू नका. मग माझी हरकत संपली.

जाता जाता, रायांच्याच ‘अरण्येर दिन रात्रि’ची नवी प्रत २०२५ मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली, ती मूळ कॅमेरा आणि साउंड निगेटिव्हवरून करता आली. निर्मात्या पूर्णिमा दत्त यांनी त्या नीट जपून ठेवल्या होत्या.

प्रश्न : सासूबाई माहेरच्या कोलकात्याच्या मराठी. त्यांच्या ट्रंकेत बंगाली सिनेमांच्या गाण्यांच्या चाळीसेक पातळ पुस्तिका आहेत, कसरीने खाल्लेल्या. मागच्या पानांवर त्यांनी पेन्सिलीने काहीबाही लिहिलंय, उदाहरणार्थ ‘बिजली, मॅटिनी, दोघी’. त्या ८६ वर्षांच्या आहेत. या पुस्तिकांना काही किंमत आहे का? लॅमिनेट करू का? – एक वाचक, पुणे

लॅमिनेट अजिबात नको, उष्णतेने कागद कायमचा जातो. प्रत्येक पुस्तिका आम्लरहित कागदात गुंडाळा, पत्र्याच्या पेटीत नको, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. पिना गंजल्या असतील तर हळूच काढा.

आम्हीसुद्धा थिएटरच्या दारात काही पैशांना या पुस्तिका घ्यायचो. आत नटांची नावं, थोडक्यात कथा, मग गाणी. कथा ऐन रंगात आली की थांबायची, ‘पुढे पडद्यावर’. ज्या सिनेमाचं एक रीळही उरलेलं नाही त्याच्यासाठी एवढंच उरतं. छोट्या भूमिकेतल्या बाईचं नाव, सहायक कॅमेरामनचं नाव, तिसऱ्या गाण्याचा दुसरा अंतरा. त्यामुळे मुखपृष्ठाचाच फोटो काढून थांबू नका. प्रत्येक पान, कोरं असलं तरी, आणि शेवटी जाहिरात असेल तर तीही. किंमत विचाराल तर विकायला काढू नका आणि वाटूनही टाकू नका, चाळीस एकत्र आहेत हीच त्यांची खरी किंमत आहे.

पेन्सिलीचं खोडू नका. बिजली आमच्या भवानीपूरचं थिएटर. उत्तर कोलकात्यात मिनार आणि छबिघर, दक्षिणेला बिजली, तिथे एकच बंगाली सिनेमा एकदम लागायचा. म्हणजे सासूबाईंच्या त्या तीन शब्दांतून सिनेमा कुठे लागला आणि कुठल्या खेळाला मुली एकट्या जात होत्या, दोन्ही कळतं. आता राहिलं ‘दोघी’. दुसरी कोण, हे त्यांना आजच विचारा. नाव सांगतील ते पुस्तिकेवर लिहू नका, वेगळ्या कागदावर लिहा, खाली आजची तारीख घाला आणि तो कागद त्याच पुस्तिकेसोबत ठेवा.